ओ

सीवूड्सला, चौदाव्या मजल्यावर,
रात्री सव्वानऊला मी चपला काढते
आणि माझं नाव त्यांच्याशेजारी ठेवते.
आत मी मावशी.
गेटवरच्या यादीत: पेशंट अटेंडंट, बी विंग.

पलंगावर टिपणीस साहेब. अकरा महिने झाले.
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
उरला एकच आवाज, ओठ गोल करून,
ओ.
भुकेला ओ, ओल्या चादरीला ओ,
खिडकीतून विमान दिसलं तरी ओ.
सूनबाई म्हणतात, कण्हतायत, ती गोळी द्या.

दर दोन तासांनी कूस बदलायची,
वहीत वेळ लिहायची, सही करायची.
मी काय करते ते सांगते.
अकरालाच बसून लिहून टाकते:
एक वाजता डावी. तीन वाजता उजवी. पाच वाजता पाठ.
तीन सह्या, एकाच दमात.
मग सतरंजीवर अंग टाकते.
सातशे रुपयांत माणसानं जागायचं तरी किती.

त्या रात्री कुणी हाक मारली.
वार्ते.

सुवार्ता ओहोळ हे आधार कार्डावरचं.
वार्ते म्हणणारा एकच,
माझा बाप, राहुरीकडं मिशनच्या मंदिरात घंटा ओढणारा.
त्याला मातीत जाऊन नऊ वर्षं झाली.

उठले. साहेबांजवळ गेले.
डोळे सताड उघडे, छताकडं.
बोलावलं का?
आता यांना काय विचारायचं.
पांघरूण ओढलं, परत आले.

करावे गावात माझी घरमालकीण, बामीबाय,
सुकट निवडता निवडता म्हणाली होती,
रातचे पयले हाकेला ओ देऊ नको गो,
मेलेला मानूस दोनदाच बोलावतं. तीनदा नाय.
आणि बाप सांगायचा त्या पोराची गोष्ट,
दिव्याशेजारी झोपलेला,
हाक आली की आंधळ्या म्हाताऱ्याकडं धावणारा.
तिनदा चुकला गं, बाप म्हणायचा,
पण तिनदा उठला की नाही?

वार्ते.
पुन्हा उठले, गुडघा धरून, शिव्या देत.
साहेब झोपलेले. तोंडाच्या कडेला लाळ.
खाली खाडीत भरतीचं पाणी,
तळ्याच्या कडेला फ्लेमिंगो,
उभ्याउभ्या झोपणारी माणसं मी पाहिलीत,
पाखरं इथंच पाहिली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा कुठंच गेले नाही.
सतरंजीवर उभी राहिले, अंधारात,
पदर नीट केला, का कोण जाणे,
आणि म्हटलं, ओ.

पुढं काही आलंच नाही.
ना काम सांगितलं, ना गाव.
फक्त फ्रिजची घरघर थांबली
आणि त्या शांततेत मला वास आला.

दिवा लावला. साहेबांना कुशीवर घेतलं.
माकडहाडावर लाल जागा, रुपयाएवढी,
कडेनं जांभळी, मधोमध ओली.
ही एका रात्रीत होत नाही.
माझ्या किती सह्या होत्या तिच्यात.

कोमट पाणी आणलं. पुसलं. फुंकर घातली.
गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली.
वही काढून तिन्ही ओळींवर काट मारली,
खाली लिहिलं: तीन बेचाळीस. डावी. जखम आहे.
पेन अडलं, पुन्हा गिरवलं.

साहेब जागे झाले होते.
ओ, म्हणाले.
माझ्याकडं बघून नाही, दाराकडं बघून.
अकरा महिने मला वाटत होतं
हा माणूस कुणाला तरी बोलावतोय.
पण बोलावणारा कधी ओ म्हणतो का?

मी त्यांचा हात धरून बसले पाचपर्यंत,
मग पाठ, मग चहा.

सकाळी दिवसपाळीची प्रणिता आली,
वही चाळून म्हणाली, हे काय गं,
खाडाखोड केली की एजन्सी पैसे कापते.
कापू दे, म्हटलं,
आणि चपला शोधू लागले.