किटलीतलं कोपर

कॅमेरा स्वतःभोवती एक फेरी मारतो,
तेवढा वेळ मला घरात असून चालत नाही.
वीस सेकंद.
मी दाराआड उभा राहतो, न्हाणीघराच्या टबात आडवा होतो,
एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलो होतो, सुटाबुटात.
माझ्या नसण्यावर माझं पोट चालतं.
सासू म्हणते, जावई सोन्यासारखा,
फक्त कुठे दिसत नाही.

केप ब्रेटनच्या या टोकाला
मासे आटले, खाणी बुजल्या,
पोरं अल्बर्टाला तेलावर गेली ती गेलीच.
घरं राहिली, समुद्राकडे तोंड करून.
ती मी एकेक खोली करून आकाशात चढवतो.
मग कुठकुठल्या विसाव्या मजल्यांवरून
लोक बोटाने जिना चढतात,
पायपुसण्याला पाय न लावता घरभर हिंडतात,
मान वर करून छताची ओल शोधतात
आणि चहा न घेताच जातात.

मर्डीना मॅकेकर्नचं घर मार्चमध्ये टिपलं.
तिला मुलीने सिडनीच्या वृद्धाश्रमात नेलं होतं
(आमची सिडनी, ऑस्ट्रेलियातली नव्हे).
पडदे सरळ केले, उंदरांचे सापळे उचलले.
जमीन उत्तरेला कलते, ते चित्रात येत नाही;
गाजर हातातून सुटलं तर आपणहून चुलीपाशी जातं, तेही नाही.
आणि रॉकेलचा, ओल्या लोकरीचा, मागच्या सालच्या बटाट्यांचा वास,
त्याला अजून बटण निघालेलं नाही.

दहा दिवसांनी फोन आला.
ग्रासा फुर्तादो. टोरोंटोच्या इस्पितळात, धुलाईखात्यात, रातपाळीला.
मधल्या सुट्टीत, म्हणाली, रोज त्या घरात जाते.
मला वाटलं विहिरीचं पाणी विचारेल, छपराचं वय विचारेल.
ती म्हणाली,
"चुलीवरच्या किटलीच्या पोटात एक कोपर आहे.
तुमचं का?"

मी ओशाळलो. पुसून टाकतो म्हणालो.
"राहू द्या. घरात कोणीतरी आहे, तेवढंच.
फक्त सांगा, तुम्ही उभे आहात तिथे काय आहे?
मला जाता येत नाही. त्या दाराशी बाणच उमटत नाही."

कोठीघर. दोन हात रुंद, रिकाम्या बरण्या,
एवढं तोंडावर आलं माझ्या. पण मग आठवलं,
दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीचं काहीतरी होतं.
दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटर परत गेलो, पेट्रोल माझं,
आणि तिथेच उभं राहून, फोन कानाला लावून, वाचून दाखवलं:

बर्फ गेला, २ मे १९६७.
बर्फ गेला, १९ एप्रिल.
बर्फ गेला, २३ एप्रिल, त्याच दिवशी अ‍ॅलिस्टर.
बर्फ गेला. बर्फ गेला.
एक्कावन्न ओळी, खाडी मोकळी झाल्याच्या.
शेवटच्या ओळीत नुसता महिना.

पलीकडे यंत्रं घरघरत होती, कुणाकुणाच्या चादरी आत गरगरत असतील.
अ‍ॅलिस्टर कोण, तिने विचारलं नाही.
मलाही ठाऊक नव्हतं.
"बरं," म्हणाली, आणि सुट्टी संपली तिची.

घर जूनमध्ये विकलं गेलं.
कुणाला, हे आमच्यासारख्यांना कळवायची पद्धत नाही.
एकशे ऐंशी डॉलर मिळाले. उशिरा.

परवा शेटिकँपच्या एका घरात
टबात पडलो होतो, गुडघे हनुवटीला, श्वास धरून.
आठव्या की नवव्या सेकंदाला खिशात फोन थरथरला.
अनोळखी नंबर. ना नाव, ना नमस्कार.
"१४ एप्रिल."

मी उठून बसलो.
टबाच्या काठावर अख्खं डोकं आलं असणार माझं.
ती फेरी पुन्हा घ्यायला हवी होती.
घेतली नाही.