माडीचं खमीर

लहानपणी मला वाटायचं, वल्हांडण म्हणजे वल्ह्याचा सण.
जालन्याची नदी नावापुरती, वल्हं मी पाहिलं नव्हतं.
दादा हसले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले,
"ओलांडणं, पोरी. रक्त लावलेलं दार
मृत्यूनं ओलांडलं, आत आला नाही."
मग पाटीवर त्यांनी सात सण मांडले
आणि प्रत्येकाखाली एक तिरपी सावली.
"सावली आधी पडते. येणारा मागून येतो."

दिवाडीला आले ती फेरीबोटीतून.
वल्हं तिथंही नव्हतं. डिझेलचा वास,
दोन स्कूटर, माशांची पाटी, माझी ट्रंक,
ट्रंकेत दादांचं जुनं मराठी शास्त्र.

इनासची भट्टी. पोदेराचं घर.
रात्री दोनला कणीक जागी व्हायची,
माडी घातलेली, आंबूस, बुडबुडत,
आणि मी नवी नवरी, दाराशी अडलेली:
दादा सांगायचे, खमीर म्हणजे पाप,
कणभर उरलं तरी सगळा गोळा जातो,
सणाआधी दिवा घेऊन कोपरे झाडायचे.
इथं तर घरच खमिराचं.
भिंतींना वास, नवऱ्याच्या मनगटांना वास.
एकदा सांगितलं त्याला.
इतका हसला की फावड्यावरचे उंडे घसरले.
"मागीर तुजो देव उंडे खायना?"

इनास गेला जुलैत. उधाण होतं,
फेरी बांधून ठेवलेली.
छातीवर हात धरून तो धक्क्यावर बसून राहिला.
पलीकडचे दिवे दिसत होते.
ओलांडलं कुणीच नाही.
ना आम्ही पाणी, ना मृत्यूनं आमचं दार.

सात दिवस भट्टी थंड.
सात दिवस मी बेखमीर भाकरी थापली,
ज्वारी नव्हती म्हणून तांदळाची,
कुणी चव विचारली नाही.
मला वाटलं, आता तरी घर शुद्ध झालं.
असं वाटल्याची लाज अजून आहे.

सातव्या रात्री जाग आली तर सासू,
कुस्तोदिन माय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
अंधारात चाचपत मडक्यात पीठ घालत होती.
मूठभर. सातही रात्री घातलं होतं.
"दवर गो," म्हणाली, "हें ताच्या आजाचें."

ऑगस्टात कणसांचं फेस्त.
पाद्री शेतात उतरले, चपला हातात,
बँड जरा बेसूर, पहिली लोंबी कापली.
शेत अजून उभंच, अर्धं दुधात,
आणि एका पेंढीमागून लोक असे गात निघाले
जसं सगळं कोठारात पडलंय.
पाटीवरची तिसरी सावली आठवली:
पहिली पेंढी ओवाळतात ती उरलेल्या शेताच्या वतीनं.
कबरीतून पहिला उठला तो
एकट्यासाठी उठला नाही.
शेताला लागूनच सिमितेर.
इनासची माती अजून खचत होती.

चौथ्या सावलीशी मी नेहमी अडायचे.
पन्नासाव्या दिवशी देवापुढं दोन भाकरी,
आणि त्या, शास्त्रात स्पष्ट आहे, खमीर घातलेल्या.
का, विचारलं तेव्हा दादा म्हणाले, पुढं कळेल.
त्यांनाही कळलं नसावं.

फेस्ताच्या रात्री दोनला उठले.
कणीक जागी होती. आंबूस, फुगलेली,
आमच्यासारखीच.
हिला अशीच उचलून कुणी ओवाळून घेत असेल
तर खातो, इनास. उंडेसुद्धा खातो.

पहाटे मिंगेलनं सायकलला टोपलं बांधलं.
बापाचा भोंगा, रबर चिरलेलं.
त्याला मी लोंबी अडकवली.
सिमितेरीच्या वळणावर गिऱ्हाईक नसतं,
तरी पोरानं तिथं भोंगा वाजवला. दोनदा.
पाचवा सण कर्ण्यांचा.
मी दारात थांबले, हात पिठाचे, ऐकत.
अजून कुणी हललं नव्हतं.
भट्टीत दुसरी खेप होती. आत गेले.