मोक्रे म्हणजे ओलं

शामच्या खाणीवर क्रशर बंद पडला
की ग्नेवोमिर माझ्या केबिनीत येऊन बसतो,
टोपीतली चुनखडी दारातच झटकून.
त्याच्या गावाचं नाव मोक्रे. मोक्रे म्हणजे ओलं.
इथे, जिथे टँकर चुकला की अंघोळ चुकते,
तो हा शब्द जपून उच्चारतो,
सांडेल म्हणून.

घरं एकतीस, एक चर्च, बदकं.
आणि एक कागद, म्हणजे कातडं,
आठशे वर्षांपूर्वीचं:
कुणा ड्यूकने आजारपणात घाबरून
मोक्रे मठाला देऊन टाकलं,
तळ्यासकट, बीव्हरांसकट,
आणि सात माणसं, त्यांची मुलं, मुलांची मुलं.
पाचवं नाव ग्नेवोमिर, मधमाश्या राखणारा.
ड्यूक गावात कधी फिरकला नव्हता.
‘दिलं नसतं,’ हा म्हणतो,
‘तर आम्ही होतो हे कळलंच नसतं कुणाला.’

मी त्याला आमच्या शिवेवरचा दगड सांगितला:
वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं, खाली गाढव.
हे दान जो मोडेल त्याच्या आईला...
पुढचं हातांनी दाखवलं.
तो हसता हसता खुर्चीवरून घसरला.
शाप आमच्यातही आहे, म्हणाला, पण लॅटिनमधला,
मिळमिळीत. नुसता नरक.

मार्चमध्ये खाण विकली गेली.
परिशिष्ट टाईप करायला माझ्याकडे:
क्रशर तीन, डंपर अकरा,
माणसं एकशे बारा,
पाण्याच्या टाक्या सहा. याच क्रमाने.
नवा मालक कुणी पाहिलेला नाही.

रात्री हजेरीपटावरून नावं उतरवत होतो,
गुलजमान, शफीउल्ला, तामांग, बिसेश्वर,
ग्नेवोमिर मागे उभा राहून वाचत होता.
त्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं,
ते त्याने बोट ठेवून दाखवलं.
मग म्हणाला, गाव लिही.
गावाला रकाना नाही.
नावाला चिकटवून लिही. आडनाव वाटू दे.

मग आम्ही बराकीत बॅटरी घेऊन फिरलो.
गाव? गाव?
झोपेतून उठवलेला माणूस
स्वतःचं वय चुकतो, गाव चुकत नाही.
एकाने तर नदीही सांगितली. लिहिली.

पहाटे शेवटच्या पानाच्या तळाशी,
जिथे सह्या होणार होत्या त्याच्या जरा खाली,
मी पेनाने एक गाढव काढलं.
लहान. माशीएवढं.
त्यावरच शिक्का बसला.