हद्द

अर्जाचा नमुना चार, पानं नऊ.
लोवेल ट्वेट तो घेऊन माझ्या दारात आला,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर अंगठा दाबून.
नेब्रास्कातला वारा कागद वाचत नाही, नुसता नेतो.

"शेजाऱ्याची सही लागते," म्हणाला,
"दोन्ही बाजूंची. मागे नाला आहे,
नाल्याची लागत नाही."
आणि हसला. एप्रिलपासून पहिल्यांदा.

उंची चार फूट. सहा मागू नये,
कोपऱ्यावरच्या घराआड रस्ता लपता कामा नये.
लाकूड सीडरचं.
रंग मंजूर तिनांपैकी एक: वाळू, ओली वाळू, जवस.
तिन्ही तुकडे त्याने उन्हात धरले.
मला एकच दिसला.

चांगली बाजू शेजाऱ्याकडे हवी, नियम अकरा.
म्हणजे खिळे, गाठी, आडव्या पट्ट्या त्याच्याकडे
आणि माझ्याकडे सपाट, सुबक लाकूड.

पान पाच. कुंपणाचं प्रयोजन, खूण करा:
पोहण्याचा तलाव, पाळीव प्राणी,
खासगीपणा, शोभा.
चौकोन एवढेच.
पेन त्या पानावर बराच वेळ थांबलं.

मार्लिस पहाटे निघते.
अंगात झोपायचा झगा, पायात लोवेलचे बूट.
चारदा माझ्या पायरीवर सापडली,
एकदा शाळेच्या बसथांब्यावर,
एकदा हमरस्त्याच्या कडेला,
कुण्या ट्रकवाल्याने आपला कोट पांघरून
बसवून ठेवलेली.

त्रेपन्न वर्षांचा संसार.
त्याने 'पाळीव प्राणी'वर खूण केली
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही कागदाकडेच पाहत सही केली.

मग मोजणीदार आला, एफ्राइन नावाचा पोरगा.
तिपाईवरून दोन्ही घरं एका डोळ्याने पाहिली,
जमिनीवर किणकिणणारं यंत्र फिरवलं,
आणि माझ्या लायलॅकच्या पलीकडे, माझ्या अंगणाच्या बाजूला,
गंजलेली लोखंडी कांब उकरून दाखवली.
हद्द इथे.
अकरा वर्षं त्या झाडाला पाणी घातलं,
छाटलं, फुलं टेबलावर ठेवली.
झाड ट्वेटांचं निघालं.
"हद्द झाली," मी म्हटलं.
लोवेल म्हणाला, "पाणी घालत राहा."

समितीची बैठक जूनमध्ये, क्लबहाउसात,
पंखा चालू, लिंबाचं सरबत कोमट.
ह्रुस्काबाईंनी चष्मा खाली ओढला.
"प्राण्याची जात?"
लोवेल उभा राहिला, टोपी हातात.
"बायको आहे माझी."

कुणाची तरी खुर्ची करकरली.
बाईंनी नियमावली उघडली, मिटली, परत उघडली.
"याला वेगळा नमुना आहे का?"
नव्हता.
"मग कुत्रा लिहा," त्या सचिवाला म्हणाल्या,
"मोठा."

नंतर नगरपालिकेचं गुलाबी कार्ड खिडकीत,
गवतात पिवळे झेंडे गॅसचे, लाल विजेचे,
पाण्याचे निळे, जणू कुठली तरी जत्रा.
खांब बेचाळीस इंच खोल,
कमी खोल पुरलं तर थंडीत जमीन फुगते
आणि वर ढकलून देते.

आता ऑगस्ट. कुंपण उभं आहे.
ओली वाळू. किंवा जवस.

पहाटे मार्लिस कडेकडेने चालते,
एकेका पट्टीला हात लावत,
लायलॅकपाशी येते,
वरच्या काठावर दोन्ही कोपरं टेकते.
तिच्या बापाची गुरं होती, उत्तरेला, वाळूच्या टेकड्यांत.

"सगळ्या आत आल्या का गं?"
मी सुबक बाजूला, कॉफी हातात.
"आल्या."
"ती काळी?"
"ती पण."
"मग फाटक लावून घे."

मी वळसा घालून जाते, कडी चाचपते.
कडी बाहेरच्या अंगाला आहे.
कुठल्या बाजूला हवी,
हे नऊ पानांत कुणी विचारलं नव्हतं.