डावा लोखंडाचा

अकरा घरं, अकरा उंबरठे,
प्रत्येकापाशी दोनदा वाकायचं:
आत जाताना काढायला, निघताना चढवायला.
इतकी तर मी चर्चमध्येही कधी वाकले नाही.
रबराची जाळी, तिच्यात पोलादी दातांच्या दोन ओळी.
थंडीत रबर हट्टी होतं,
टाचेवर ओढता ओढता नख उलटतं,
आणि तोंडातून जे निघतं
ते पेशंटसमोर बोलण्यासारखं नसतं.

आमच्या हॉनिंग्सवॉगला नोव्हेंबरात सूर्य रजेवर जातो.
त्याच्या बदली कुणी येत नाही.
आधी बर्फ पडतो, त्यावर पाऊस, मग तो पाऊस गोठतो,
आणि शाळेमागचा चढ
बाटलीच्या काचेसारखा हिरवट, गुळगुळीत होऊन बसतो.
कमरेचं हाड मोडलेली पाच माणसं माझ्या यादीत आहेत.
पाचही जण सांगतात:
दोनच पावलं तर जायचं होतं.

ओडमुंडची बोर्गहिल्ड तशीच गेली,
कचऱ्याच्या डब्यापर्यंत, घरातल्या सपाता घालून.
ओडमुंड सातव्या घरात. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
डोळे आता फक्त उजेड-अंधार सांगतात,
आणि डिसेंबरात इथे तेवढंही सांगण्यासारखं काही नसतं.
कान मात्र शाबूत.
माझी करकर त्याला वळणावरूनच कळते.
मी दार लोटते तोवर कॉफी ओतलेली,
आणि ये-बस म्हणण्याऐवजी एकच प्रश्न,
"दोन्ही घातलेस ना?"

मंगळवारी नव्हते.
डावं कुठेतरी गळून पडलं होतं,
बसथांब्यापाशी असेल, मासळीच्या कारखान्यापाशी असेल.
एका पायाने चालले, दुसऱ्याने देवाचं नाव घेतलं.
त्याने ऐकलं होतं:
करकर, मग काहीच नाही. करकर, मग काहीच नाही.
उठला, भिंत चाचपत तळघराकडे निघाला.
अहो, जिना! मी ओरडले.
"जिना माझाच आहे," म्हणाला.

वर आला तेव्हा हातात लोखंड.
बापाने स्वतः घडवलेलं: आडवी पट्टी, चार खिळे,
कातडी वादी, तिला माशाच्या तेलाचा जुना वास.
याच्या जोडीचं?
ते पायात तसंच ठेवून बाप बोटीवर चढला,
हे सुटून धक्क्यावर राहिलं.
समुद्राने दोघांतलं काहीच परत दिलं नाही.
हवामान सांगावं तसं सांगितलं त्याने.
मग स्टुलावर बसून, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने,
माझा बूट मांडीवर घेतला,
अंगठ्याने चामडं दाबलं, वादीला पीळ दिला.
एरवी त्याचे मोजे मी चढवते.

बुधवारी चढ चढले.
उजवा करकर, डावा ठण्.
डावी टाच जरा उंच, त्यामुळे चाल लंगडी,
पण पडेल तिथे पाऊल रुतत होतं.
दार लोटलं.
टेबलावर नेहमीचे दोन कप, शिवाय तिसरा,
निळ्या काठाचा,
जो कपाटाबाहेर मी कधी पाहिला नव्हता.

"आणि बरोबर कोण आलंय?"
शर्टाची वरची गुंडी लावत त्याने विचारलं.

लगेच सांगायला हवं होतं.
माझ्या वहीत तसा रकानाच आहे:
रुग्णाला परिस्थितीचं भान, होय किंवा नाही.
मी वाकून वादी सोडवू लागले. गाठ पक्की,
बोटं बधिर, वेळ लागत होता.
तेवढ्यात तोच हसला, आधी नाकातून, मग पोटातून.
"हां. ते लोखंड."
तिसरा कप उचलला, कपाटाकडे वळला,
मध्येच थांबला,
आणि परत येऊन त्यातही ओतली.

आठव्या घरी वीस मिनिटं उशीर झाला.
मार्गिट खिडकीत कान लावून बसलेली.
"दोघीजणी येता," ती म्हणाली,
"आणि तरी उशीर?"