मशीनच्या पाटीवरचं गाव

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीनं अकरा साली
मला वुहानला धाडलं, कोअरचं मशीन बघायला.
"ऊहान? हुबळीच्या पुढं आलं काय हो ते?"
बिर्जे मिस्त्रीनं विचारलं होतं, चहा फुंकत.

परत येऊन सांगितलं:
दोन नद्या. एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं हिरवट,
मिळाल्यावरही बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात,
आपापली भाषा न सोडता.
धक्क्यावर बोटींचे भोंगे. तिळाच्या वाटणातल्या शेवया,
लोक उभ्यानंच खातात, कामावर जाता जाता.
उन्हाळ्यात त्या गावाला भट्टी म्हणतात.
मोल्डिंगची पोरं हसली, "मग आपलंच की वो!"

नऊ वर्षांनी ते नाव
पिरनवाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं.
पाटीवर कुणीतरी रात्रीतून चुना फासला.
मिस्त्री मशीनला हात लावून
कोपरापर्यंत साबण लावायचा.

दुभाषी लिऊबाईंचा एकच निरोप आला, फेब्रुवारीत:
खिडकीतून नदी दिसते. बोट एकही नाही.

नावाचं काय होतं, आम्हाला विचारा.
आमच्या थांब्यावर एकाच गावाच्या पाटीवर डांबर,
डांबराखाली जुनं नाव, त्याच्याखाली गंज.
पाहुण्यांना आम्ही म्हणजे कुंदा,
कोर्टाला आम्ही म्हणजे दावा.
मधे कुठंतरी आम्ही वाल्व ओततो.

काल मिस्त्रीनंच तारेच्या ब्रशनं
तो चुना खरवडला.
मी बघत राहिलो.
"काय बघतोस? स्पेअर मागवायचाय,
नंबर वाचता येईना."