मागची मोपेड

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, चेकिंगच्या टेबलावर,
एकोणीस वर्षं मी टॉवेल उलटसुलट करून बघते.
दोरा सुटलेला दिसला की खडूची खूण,
आणि माल सेकंडात.
तसलाच एक सेकंडातला, पिवळा, काठ तिरका,
त्या पहाटे हिप्परग्याच्या तळ्यापाशी
सायकलीखाली अंथरला होता मी.
शेजारच्यांच्या सायकली मोटारसायकलीच्या किमतीच्या.
माझी दिराची, घंटीसकट.
घंटी काढायची राहूनच गेली.

पाणी काळं.
पोहायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले,
महापालिकेच्या टाकीत, बायकांच्या वेळेत,
जिथं तळाची फरशी दिसते.
इथं आधी कुणाचा तरी पाय नाकावर,
मग कुणाचेच पाय नाहीत,
मग लांब एक केशरी फुगा, जवळ न येणारा.
हात मोजत होते, तेलुगूत.
पुढं पुढं लक्षात आलं,
जीव घाबरला की मला मराठीत मोजता येत नाही.

बाहेर आले तर निम्म्या सायकली गेलेल्या,
आणि माझ्या टॉवेलवर
कुणाचं तरी ओलं पाऊल.

तामलवाडीच्या टोलनाक्यापासून ती मागं लागली.
फट्, फट्, फट्.
शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं,
एवढंच सैफनला काम दिलेलं.
डीएड झालेला पोरगा, मोपेड मामाची.
पुढं जा बाबा, म्हटलं, कान किटले.
म्हणाला, मला पुढं जायची परवानगी नाही मावशी.
शेळ्या आडव्या आल्या तेव्हा
दिराची घंटी कामाला आली.
घाटात मी उतरून सायकल ढकलली, असं लोक सांगतात.
खोटं आहे. मी बसूनच होते.
चालत जाणारा एक म्हातारा मला ओलांडून गेला,
तेवढं मात्र खरं.

साडेअकराला पळायला लागले.
पळायला म्हणजे, पाय उचलायला.
सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच बघून घेतं माणसाला.
बाकीच्यांच्या खिशात जेलच्या पुड्या,
माझ्या खिशात कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी,
सगळं घामानं भिजलेलं.
तळ्याच्या बांधावरून चार फेऱ्या.
तिसरीला पाणी देणाऱ्या पोरी टेबल आवरत होत्या,
मला बघून त्यांनी पेले परत मांडले,
त्याची जास्त लाज वाटली.

चौथीला सैफनचा फोन वाजला.
पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला:
शेवटची कुठपर्यंत आली बे?
तो म्हणाला,
शेवटची नाही ओ ती. शेवटचा मी.
ती माझ्या पुढं आहे.
मला हसू आलं, आणि हसल्यावर पोटात गोळा,
मग चाळीस पावलं चालत गेले.
मागं मोपेडचा आवाज थांबला होता.
पेट्रोल संपलं का, विचारलं नाही.
तो ढकलत येत होता,
बाजूनं नाही, मागूनच,
पाच हात अंतर राखून.

आठ तास एकवीस मिनिटं.
साडेआठला बंद करणार होते.
नऊ मिनिटं शिल्लक.
पगारातसुद्धा कधी इतकं शिल्लक राहिलं नव्हतं.
कमानीतली हवा निम्मी सोडून झालेली,
म्हणून वाकून शिरावं लागलं,
खोपटात शिरतात तसं.
मेडल घालणाऱ्या मुलीनं नाव विचारलं.
पद्मावती येमूल.
कितवी, हे तिनं विचारलं नाही, मीही नाही.
सैफनला सकाळचा वडापाव मिळाला, गार.
तो त्यानं उभ्या उभ्या खाल्ला
आणि कमानीची दुसरी बाजू दाबायला गेला.

सोमवारी कारखान्याचा जिना
मी कठडा धरून उलटी उतरले.
काय झालं गं, अंबक्कानं विचारलं.
म्हटलं, काही नाही, रविवार झाला.
टेबलावर पहिलाच टॉवेल आला
तो काठ तिरका असलेला.
खडू हातात धरून थोडी बसले.
मग खूण केली.